शून्याचा श्वास

पूर्वी लग्न जमवायचं म्हटलं की मुलीला मंगळ आहे का, हे विचारत. मंगळाची ब्याद गेली आणि श्वासाची आली. “मुलाचा श्वास काढलाय ना?” हा प्रश्न हल्ली जालन्यापासून परभणीपर्यंत पोह्यांची बशी पुढे येण्याआधीच विचारला जातो, आणि ज्याने श्वासपत्रिका आणली नाही त्याच्याकडे लोक असे बघतात, जणू त्याने जन्मवेळच लपवली आहे. रोग तोच राहिला, फक्त ज्योतिषी बदलला, असं प्रणिता कुलथे म्हणायची. हे म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार होता, कारण नवा ज्योतिषी तीच होती.

जालन्याबाहेरच्या माळावर, जिथे कुसळांशिवाय काही उगवत नसे, तिथे आता प्रकाशवलय आहे. मोठ्या पोकळ कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळताना प्रकाश सांडतात. त्यातला प्रणिताच्या वाट्याला आलेला प्रकाश होता निर्वात अतिनील. मोठा चमत्कारिक प्रकाश. डोळ्यांना दिसत नाही हे एक, पण त्याहून विशेष म्हणजे त्याला हवा सोसत नाही. उन्हातला साधा अतिनील आपल्या कातडीपर्यंत पोचतो. हा मात्र हवेत शिरला की चार बोटं जायच्या आत संपतो, ऑक्सिजन त्याला गिळून टाकतो. काचेतूनही तो जात नाही. म्हणून त्याच्या वाटेवरची सगळी हवा उपसून काढावी लागते आणि पंप अखंड चालू ठेवावे लागतात. प्रणिताच्या कानात ती घरघर इतकी मुरली होती, की घरी शांततेत तिला चुकल्यासारखं व्हायचं.

असे नखरे असलेल्या प्रकाशाला लोक सांभाळतात, कारण त्याच्या अंगी एक गुण आहे. रेणूवर तो नेमका इतकाच जोर लावतो, की त्यातला एक इलेक्ट्रॉन निसटावा आणि बाकीचा रेणू न मोडता शाबूत राहावा. दगडाने अक्रोड फोडणं वेगळं आणि शेंगेतून दाणा अलगद काढणं वेगळं. विद्युतभार आलेले हे अख्खे रेणू मग वजनाप्रमाणे वेगळे करता येतात. माणसाच्या एका श्वासात शेकडो पदार्थ असतात. त्या सगळ्यांची अशी हजेरी घेता येते. त्या हजेरीतच एक पदार्थ सापडला. घराण्यातून येणारा कंपवात ज्यांना पन्नाशी-साठीत गाठणार, त्यांच्या श्वासात तो विशीतच असतो, अगदी नावापुरता, पण असतो.

शोध लावणाऱ्यांना वाटलं होतं की यातून औषध निघेल. औषध अजून निघायचं आहे. निघाली ती श्वासकेंद्रं. कुणीतरी वलयाच्या जागी क्रिप्टॉनचा हातभर दिवा लावून कपाटाएवढं यंत्र बनवलं, आणि गावोगाव मुलंमुली नळीत फुंकू लागली. हिरवा आला की पेढे, लाल आला की दार बंद. वलयाच्या आवारातलं केंद्र प्रणिताकडे आलं, कारण श्वासाचं काम तिच्याइतकं जिल्ह्यात कुणाला येत नव्हतं.

तिथली एक रीत होती. माणूस ज्या हवेत बसतो तीच त्याच्या श्वासातून परत बाहेर पडते: पोलादाच्या भट्ट्यांचा धूर, बियाण्यांना चोळलेलं औषध, फरशीचं फिनेल. हे सगळं वगळायचं, तर त्याच खोलीतल्या निरोगी माणसाचा श्वास आधी घ्यायचा, तो शून्य मानायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या श्वासातून वजा करायचा. नियमाने हे काम बाटलीतल्या शुद्ध हवेवर करायचं होतं. पण बाटल्या वेळेवर येत नसत, आणि बाटलीत जालन्याचा धूर नसतो. “कुलथेबाई, तुम्ही चहासुद्धा बिनसाखरेचा पिता,” केंद्राचे प्रमुख डॉ. गवाणकर म्हणाले होते, “तुमच्यासारखं निर्मळ माणूस मी कुठून आणू? तुम्हीच आमचं शून्य.” तेव्हापासून रोज सकाळी कुलूप उघडलं की प्रणिता आधी स्वतः फुंकायची आणि मग पहिल्या माणसाला आत बोलवायची. स्वतःच्या मुलीला, मैत्रेयीलाही, तिने अशीच नळी दिली होती. हिरवा आला होता.

मैत्रेयी शाळेत गणित शिकवायची. परभणीच्या निहार डहाळेशी तिचं तिनेच जमवलं होतं. निहार गुरांचा डॉक्टर, शांत, गाय लाथ मारायच्या बेतात आहे हे आधी ओळखणारा. साखरपुडा झाला, तुळशीचं लग्न लागलं की यांचं, असं ठरलं, आणि एका सकाळी निहारची आई, वैशालीताई, मुलाला आणि होणाऱ्या सुनेला घेऊन केंद्रात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे सुजले होते.

“विहीणबाई, निहारचा लाल आला परभणीला. कंपवाताचा. तुम्ही मोडलं म्हणालात तरी मी शब्द काढणार नाही.”

“कोण मोडतंय?” मैत्रेयी म्हणाली. “मी मघापासून सांगतेय, लाल तर लाल.”

“तू गप्प बस गं बाई. तू बघितलेला नाहीस तो रोग.” वैशालीताईंनी पदराने नाक पुसलं. “आमच्या सासूबाईंना होता. वर्षानुवर्षं चमच्याने भरवलंय मी त्यांना. घास तोंडाशी नेला की मान हलायची, अर्धा घास माझ्या पदरात. हा निहार शेजारी बसून अभ्यास करायचा.”

 निहार स्वतःच्या हातांकडे बघत होता.

प्रणिताने नेहमीचा प्रश्न विचारला. “फुंकायच्या आधी काय खाल्लं होतं?”

“काही म्हणजे काही नाही. उपाशी नेला.”

“पाणी?”

“पाणीपण नाही. घरातून निघताना फक्त हातावर दहीसाखर ठेवली. एवढ्या मोठ्या कामाला निघालं लेकरू, तसंच कसं पाठवू?”

प्रणिताला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं असावं, कारण मैत्रेयीने वळून बघितलं. दह्याला जो वास असतो त्या वासाचा रेणू आणि कंपवाताच्या खुणेचा रेणू, दोघांचं वजन एकच. घडण वेगळी, वजन तेच. परभणीच्या दिव्याला एकाच जोराचा प्रकाश येतो, तो दोघांनाही सरसकट पकडतो, आणि तराजूला काय, किलोभर कांदे आणि किलोभर बटाटे सारखेच. वलयाच्या प्रकाशाचा जोर मात्र हवा तसा कमीजास्त करता येतो. दह्याचा रेणू थोड्या कमी जोरालाच इलेक्ट्रॉन सोडतो, खुणेच्या रेणूला जास्त लागतो. जोर हळूहळू वाढवत नेला, की कोण कधी बोलतं ते कळतं.

“परवा वलयावर या. मी स्वतः करते. आणि ताई, त्या दिवशी दहीसाखर नको.”

वैशालीताईंनी कानाला हात लावला.

ठरल्या दिवशी प्रणिताने सवयीने आधी स्वतः फुंकलं आणि मग निहारला बसवलं. शेजारी स्टुलावर मैत्रेयी बसली, त्याचा हात धरून. प्रणिताने नळी पुढे केली आणि सहज विचारलं, “दही दिलं नाही ना आईने?” निहारने दाराकडे बघितलं. दारातून वैशालीताईंचा पडलेला आवाज आला.

“थोडंसंच. आज तर परभणीपेक्षा मोठं काम होतं.”

रागवावं की हसावं हे ठरवायचंही त्राण प्रणिताच्या अंगात नव्हतं. बरं झालं, दही तरी दिसेल, असं म्हणून तिने प्रकाश सोडला. कमी जोरालाच दही बोललं. पडद्यावरची रेघ वर चढली आणि सपाट झाली. निहारच्या श्वासात कंपवाताची खूण असती तर पुढे आणखी एक पायरी दिसायला हवी होती. प्रणिता जोर वाढवत गेली. ती जागा आली. पायरी नव्हती. उलट रेघ खाली वळली.

“साफ आहे,” ती म्हणाली. “सगळं दहीच होतं.”

बाहेर वैशालीताई मोठ्याने रडल्या. निहार पायऱ्यांवर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत झाकलं. मैत्रेयी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. आज जेवण आमच्याकडे, असं कुणीतरी म्हणालं. प्रणिता आत होती, आणि त्या खाली वळलेल्या रेघेकडे बघत होती.

एखादा पदार्थ श्वासात नसतो म्हणजे नसतो. नसण्याहून कमी नसता येत नाही. केंद्रातल्या यंत्रावर अशी गोष्ट कधी दिसलीच नसती, कारण लोक घाबरतात म्हणून त्यात सोयच करून ठेवली होती: उणे आलं तर शून्य दाखव. वलयावरची रेघ कच्ची होती, कुणी सारवलेली नव्हती. निहारच्या श्वासात खूण नव्हती, तरी ती कशातून तरी वजा होत होती. वजा करायला तिथे एकच श्वास होता.

तिने कोपऱ्यातली शुद्ध हवेची बाटली आणली, ती शून्य म्हणून लावली आणि नळी तोंडात धरली. पायरी आली. चांगली ठसठशीत, कुणाही शिकाऊ पोराला दाखवून द्यावी अशी.

आश्चर्य म्हणजे ती घाबरली नाही. तिला थकवा आला, एवढंच. बाबांचं अक्षर शेवटी शेवटी मुंगीएवढं झालं होतं, चहाच्या कपाखालची बशी वाजायची, आणि सगळे म्हणायचे, वय झालं आता. म्हणजे ते वय नव्हतं. इतके दिवस तिने सगळ्यांना तपासलं होतं. शून्याला तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं, तिलाही नाही. मग दुसरा विचार आला. तिच्याइतकीच खूण ज्याच्या श्वासात असेल, त्याची खूण तिच्या श्वासाने पुसली गेली होती. असा प्रत्येकजण हिरवा होऊन गेला होता. आणि तिच्याइतकीच खूण असण्याचा सगळ्यात जास्त संभव जिचा होता, ती पायऱ्यांवर बसून होणाऱ्या नवऱ्याची पाठ थोपटत होती. मैत्रेयीचा हिरवा म्हणजे आईतून आई वजा केलेली होती, बाकी काही नाही.

गवाणकरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. “बाई, उद्यापासून बाटली लावा. बाटल्यांचं मी बघतो. पण गाजावाजा नको. ज्यांना हिरवं दिलं त्यांची लग्नं झाली, पोरंबाळं झाली. आता घरोघर जाऊन काय सांगायचं?” मग म्हणाले, “आणि लेकीचं लग्न तोंडावर आलंय तुमच्या. तुम्ही आणि मी सोडून हे कुणाला ठाऊक नाही.”

खरंच कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घरी पंगत झाली, वैशालीताईंनी तिला आग्रहाने जिलेबी वाढली, आणि प्रणिताने ती खाल्ली. गप्प बसणं किती सोपं होतं! काही करावंच लागत नव्हतं. नवरा गेल्यापासून एकटीने सगळं ओढून ती इतकी शिणली होती, की काही न करणं हेच तिला सुख वाटे.

दुसऱ्या दिवशी केंद्रात एक जोडपं आलं, कडेवर बाळ घेऊन. मागे प्रणितानेच दोघांना हिरवं दिलं होतं. “तुमच्यामुळे जमलं हो मॅडम,” मुलगी म्हणाली. “नाहीतर ह्यांच्या काकांना कंपवात म्हणून माझे वडील तयारच नव्हते. तुमच्या हिरव्यावर विश्वास ठेवला.” तिने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि बाळाचा हात धरून प्रणिताला टाटा करायला लावला.

प्रणिताने पुडा उघडला नाही. दुपारी केंद्राला कुलूप लावून ती मैत्रेयीच्या शाळेत गेली. वर्ग सुटले होते. लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसत तिने मुलीला सगळं सांगितलं: रेघ, बाटली, आजोबांचं अक्षर, तिचा हिरवा.

मैत्रेयीने शेवटपर्यंत ऐकलं. मग फळा पुसायला लागली. पुसून झालेला फळा तिने पुन्हा पुसला.

“मला का सांगितलंस?”

“कारण उद्या मी सगळ्यांना सांगणार आहे. तू आधी ऐकावंस असं वाटलं.”

“गप्प बसली असतीस तर माझं लग्न झालं असतं, आई.”

“हो.”

“आणि मी सुखात राहिले असते. निदान काही वर्षं.”

“हो.”

“मग?”

“ज्यांना मी हिरवं दिलं, त्यांच्या घरातही मुली आहेत गं. त्यांना खोटं सांगून तुझं लग्न लावायचं, हे माझ्याच्याने होईना. मी खूप प्रयत्न केला. कालचा अख्खा दिवस केला.”

मैत्रेयी फळ्याकडे तोंड करून रडली. प्रणिता उठून जवळ गेली, पण मुलीने खांदा आखडून घेतला. राग होता, आणि तो खरा होता.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दारावर आणि गावच्या व्हॉट्सॲपवर प्रणिताने स्वतःच्या नावाने लिहिलं: शून्य चुकीचं होतं, ते माझं होतं, इथे श्वास काढलेल्या सगळ्यांचा पुन्हा काढून देईन. गवाणकरांनी फोन केला, आरडाओरड केली आणि शेवटी बाटल्या पाठवल्या. कुणी दारात येऊन शिव्या दिल्या, कुणी न बोलता रांगेत उभं राहिलं. पेढेवाल्या मुलीचा नवरा आला, एकटाच. त्याचा लाल आला. श्वासपत्रिकेची घडी खिशात घालत तो म्हणाला, “बायकोला मीच सांगतो, तुम्ही नका फोन करू.” प्रणिताने मान हलवली. त्या आठवड्यात तिने इतक्या वेळा मान हलवली, की मानच दुखायला लागली.

डहाळे मायलेक रविवारी घरी आले. मैत्रेयीने निहारला फोनवर सगळं सांगितलेलंच होतं. वैशालीताई सोफ्याच्या कडेला बसल्या, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

“विहीणबाई, तुम्ही लपवलं नाहीत, हे मी जन्मभर बोलेन,” त्या म्हणाल्या. “दुसरी कुणी असती तर बोललीच नसती. आता एकच करा. पोरीला एकदा बाटलीवर फुंकू द्या. साफ आली तर तारीख तीच.”

“आणि नाही आली तर?” मैत्रेयीने विचारलं.

वैशालीताईंनी मान खाली घातली. मैत्रेयीने निहारकडे बघितलं.

“एकदा फुंक ना,” निहार म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता. “साफच असेल. अर्ध्याहून जास्त...”

“अर्धीच शक्यता. गणित मी शिकवते. आणि मी फुंकणार नाही.”

“का पण?”

“तुझा लाल आला तेव्हा मी तुला परत फुंक म्हटलं नव्हतं, निहार. लाल तर लाल म्हटलं होतं. वलयावर तुला तुझ्या आईने आणलं, मी नाही. मी फक्त शेजारी बसले होते.” तिचे डोळे भरले, पण आवाज सरळ राहिला. “मला तेवढंच हवंय. जास्त काही नको.”

 निहार वाईट मुलगा नव्हता, आणि प्रणिताला त्याची खरोखर कीव आली. अभ्यासाच्या वहीवर सांडलेला अर्धा घास त्याला या क्षणी दिसत असणार. “मी आजीला पाहिलंय, मैतू,” तो म्हणाला. “नक्की माहीत असतं तर मी मनाची तयारी केली असती. नुसतं वाट बघत जगणं मला नाही जमणार. रोज तुझ्या हाताकडे बघेन मी.”

“बरं,” मैत्रेयी म्हणाली. तिने अंगठी काढली आणि टेबलावर ठेवली, जोराने नाही. वैशालीताई उठताना रडत होत्या. दारात त्यांनी मैत्रेयीच्या गालावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली, आणि मग जिना उतरून गेल्या. निहारने एकदा मागे वळून बघितलं.

मायलेकी दोघीच राहिल्या. बशीतले पोहे गार झाले होते. प्रणिताने गॅसवर चहा ठेवला, तो दोन कपांत ओतला आणि मुलीसमोर येऊन बसली. इतके दिवस तिच्या ओठांवर एक प्रश्न होता, तो तिने आता विचारला.

“तुझ्यापुरतं बघायचं का? कुणाला सांगायचं नाही. फक्त तुला कळेल.”

“तुला कळेल ना. तू काढशील म्हणजे तू बघशील.” मैत्रेयीने नाक पुसलं. “तुला बघायचंय?”

आयुष्यभर प्रणिताने जे दिसत नाही ते बघायचंच काम केलं होतं. तिने मनाशी प्रामाणिकपणे विचारून पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “मला नाही बघायचं.”

“मग झालं तर. मी चिडलेय अजून तुझ्यावर.”

“ठाऊक आहे.”

“पण खोट्या हिरव्यावर लग्न केलं असतं ना, तर जास्त चिडले असते.” तिने आईचा कप तिच्याकडे सरकवला. “घे. थंड होतोय.”

प्रणिताने कप उचलला. तो बशीतून ओठांपर्यंत जाईस्तोवर दोघींचंही लक्ष त्या हाताकडे गेलं, आणि दोघींनाही ते कळलं. हात सरळ गेला. बशी वाजली नाही.

“आज नाही,” मैत्रेयी म्हणाली.

“आज नाही,” प्रणिता म्हणाली, आणि चहा प्यायली.